प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांसाठी साहित्य कसे निवडावे?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. गेली काही वर्षे मी १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार नियमितपणे खेळत आहे. पावसाळ्यानंतर कंपनी मला दोन वर्षांसाठी चेक प्रजासत्ताकात पाठवणार आहे. तिथे प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) या संघटनेच्या पद्धतीच्या स्पर्धा, पुष्कळ ठिकाणी होतात असे समजले. पट्ट्याला हॉल्स्टर लावून, धावत-थांबत, वेगवेगळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवर घड्याळ लावून नेम धरायचा हा प्रकार मला फार दिवसांपासून खुणावत आहे. आपल्याकडे ९ मिमीचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (बंदी असलेल्या नळीच्या मापात) मोडत असल्यामुळे सामान्य परवान्यावर ते मिळत नाही, आणि परवान्यावर मिळणाऱ्या .३२ पिस्तुलाने हा खेळ त्याच्या नियमांप्रमाणे खेळता येत नाही. त्यामुळे ही संधी मला पूर्ण तयारीने घ्यायची आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पिस्तूल कोणते घ्यावे? हॉल्स्टर, पट्टा, मॅगझिन पाउच, कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण यांपैकी काय इथूनच घेऊन जावे आणि काय तिथे घ्यावे? जायला अजून काही महिने आहेत, तर त्या काळात सांगलीत बसून कोणता सराव उपयोगी पडेल? माझे वय ४४ आहे आणि अलीकडे वाचायला चष्मा लागतो, हेही सांगून ठेवतो.

अजिंक्यतारा

कुपवाडकर, आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी साताऱ्याचा; नोकरीनिमित्त युरोपात होतो तेव्हा काही वर्षे आयपीएससीच्या प्रॉडक्शन विभागात खेळलो. आपण पिस्तुलापासून सुरुवात केली आहे, परंतु मी आपल्याला उलट्या क्रमाने विचार करण्याचा आग्रह करीन: आधी गुणपद्धती समजून घ्यावी, मग विभाग, म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसारचा गट, ठरवावा, मग क्लब पाहावा आणि पिस्तूल सर्वांत शेवटी घ्यावे.

आयपीएससी ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, शक्ती आणि वेग या तिघांचा एकत्रित कस पाहायचा हे तेव्हापासूनचे सूत्र आजही गुणपद्धतीत जसेच्या तसे दिसते. कागदी लक्ष्यावर मधल्या ए भागाला ५ गुण मिळतात. बाहेरच्या सी आणि डी भागांना कमी शक्तीच्या, म्हणजे मायनर, काडतुसांसाठी अनुक्रमे ३ आणि १ गुण मिळतात. अधिक शक्तीच्या, म्हणजे मेजर, काडतुसांसाठी ४ आणि २. नेम पूर्ण चुकला किंवा मारू नये अशा लक्ष्याला गोळी लागली तर १० गुणांचा दंड होतो. अशा रीतीने मिळालेल्या एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की हिट फॅक्टर मिळतो आणि स्टेजचा, म्हणजे स्पर्धेतील एका टप्प्याचा, निकाल त्यावरच ठरतो.

एक उदाहरण घेऊ. १२ लक्ष्ये आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या मारायच्या आहेत, म्हणजे जास्तीत जास्त १२० गुण होतात. एकाने सर्व गोळ्या ए भागात मारल्या आणि त्याला २० सेकंद लागले, तर त्याचा हिट फॅक्टर ६ झाला. दुसऱ्याच्या चार गोळ्या सी भागात गेल्या, पण त्याने १८ सेकंदांत स्टेज संपवली. मायनर शक्तीने त्याचे ११२ गुण झाले आणि हिट फॅक्टर ६.२२ आला, म्हणजे तो पुढे गेला. तिसराही १८ सेकंदांतच संपवतो, पण त्याची एक गोळी पूर्ण चुकते; त्या गोळीचे ५ गुण गेले, वर १० दंड झाला आणि १०५ भागिले १८, म्हणजे ५.८३ वर तो दोघांच्याही मागे पडला. १० मीटरच्या खेळातून येणारा माणूस पहिल्यासारखा खेळतो आणि नुसत्या वेगाच्या मागे लागणारा तिसऱ्यासारखा. साहित्याने आपल्याला दुसऱ्याच्या जागी पोहोचवायला मदत करायची असते. हातात पिस्तूल दर वेळी त्याच जागी यावे, मॅगझिन न पाहता सापडावे आणि पळताना कमरेवर काही हलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

आता विभागांविषयी. ओपन, स्टँडर्ड, प्रॉडक्शन, प्रॉडक्शन ऑप्टिक्स (प्रॉडक्शनसारखेच, पण पिस्तुलावर ठिपका दाखवणारी रेड डॉट साइट), क्लासिक आणि रिव्हॉल्व्हर हे हँडगनचे प्रमुख विभाग आहेत. ओपनमध्ये जवळजवळ सर्व बदलांना मुभा असते आणि खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. नवख्याने प्रॉडक्शन किंवा प्रॉडक्शन ऑप्टिक्सपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन्ही विभागांत सर्वांचे गुण मायनर शक्तीनेच मोजले जातात, सुरुवातीचा इशारा झाल्यानंतर कोणत्याही मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त काडतुसे चालत नाहीत आणि पिस्तुलात करता येणारे बदल फार थोडे आहेत, त्यामुळे कोणी पैशांच्या जोरावर फार पुढे जात नाही. क्लबमधील बहुतेक लोक ज्या विभागात खेळतात तोच आपणही घ्यावा, हा माझा दुसरा सल्ला आहे. कारण पहिल्या हंगामात मॅगझिन अडकते, पाउचचा स्क्रू पडतो आणि त्या वेळी शेजारच्या खेळाडूच्या पिशवीतील सुटा भाग आपल्याला चालला तर स्पर्धा वाचते.

पिस्तुलाविषयी थोडक्यात सांगतो. आपण ज्या देशात जात आहात तिथे उहेर्स्की ब्रोद या गावी १९३६ मध्ये सुरू झालेला सीझेड या शस्त्रकंपनीचा कारखाना आहे आणि त्यांचे शॅडो २ हे प्रॉडक्शन विभागात जगभर दिसणारे पिस्तूल आहे. ते पोलादी असून त्याचे वजन सुमारे १,३३० ग्रॅम भरते, त्यामुळे धक्का कमी जाणवतो. मात्र पहिली गोळी हॅमर (पिस्तुलामागचा हातोडा) खाली असताना लांब आणि जड ट्रिगरने मारावी लागते. ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसह साधारण ७०० ग्रॅमचे आहे आणि त्याचा ट्रिगर प्रत्येक गोळीला सारखाच असतो. दोन्ही प्रकारची पिस्तुले क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हाताळून पाहावीत. परवान्याची प्रक्रिया तिथे गेल्यावर स्थानिक पोलीस आणि क्लब यांच्याकडून नीट समजून घ्यावी. तिला वेळ लागेल असे धरूनच चालावे, आणि तो वेळ वाया जात नाही.

पट्ट्याविषयी मात्र मी सविस्तर लिहितो, कारण नवे खेळाडू सर्वांत कमी विचार त्याचाच करतात. स्पर्धेचा पट्टा दोन थरांचा असतो. आतला पातळ थर पँटच्या लूपमधून जातो आणि बाहेरचा ताठ थर त्यावर वेल्क्रोने घट्ट बसतो. हॉल्स्टर आणि पाउच बाहेरच्या थरावर कायमचे स्क्रूने आवळून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक सरावाला आणि प्रत्येक स्पर्धेला त्यांची जागा मिलिमीटरने बदलत नाही. मऊ पट्टा पिस्तूल उपसताना वर उचलला जातो आणि हाताची पकड दर वेळी वेगळी बसते. मग पहिल्या गोळीपासून नेम शोधावा लागतो. प्रॉडक्शनमध्ये पिस्तूल आणि सर्व मॅगझिन कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकामागे असावी लागतात आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूपासून ५० मिमीपेक्षा लांब नसावी लागतात. हॉल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकलेला असला पाहिजे, पिस्तुलाच्या मुठीचे तळाचे टोक पट्ट्याच्या वरच्या कडेच्या खाली जाता कामा नये आणि सैलपणे उभे राहिल्यावर नळीचा रोख पायांपासून एक मीटरच्या पलीकडे जाता कामा नये. खांद्याला अडकवायची किंवा मांडीला बांधायची हॉल्स्टरे मुळीच चालत नाहीत. हॉल्स्टर विशिष्ट पिस्तुलाच्या मापाचेच असते, म्हणून पिस्तूल ठरण्याआधी ते विकत घेण्यात अर्थ नाही.

मॅगझिन पाच घ्यावीत. मोठी स्टेज जास्तीत जास्त ३२ गोळ्यांची असते, म्हणून हिशेबाने तीन पुरतात असे वाटेल. परंतु चांगला खेळाडू मॅगझिन रिकामे होईपर्यंत थांबत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाताना ते बदलून घेतो, आणि लोखंडी पॉपर, म्हणजे गोळी लागल्यावर पडणारी लक्ष्ये, एका गोळीत पडतीलच असे नाही. शिवाय एखादे मॅगझिन चिखलात पडते. मॅगझिनांवर क्रमांक टाकावेत, म्हणजे काडतूस अडकले तर दोष कोणत्या मॅगझिनचा आहे हे लगेच कळते.

अपशिंगेकर

मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून सध्या सातारा तालुक्यातील आमच्या गावीच असतो. वरच्या प्रतिसादात साहित्य चांगले सांगितले आहे. मी सुरक्षिततेविषयी लिहितो, कारण या खेळात तीही साहित्याइतकीच आधी शिकावी लागते.

मुलगा परदेशात असताना मी अशी एक स्पर्धा प्रत्यक्ष पाहिली आणि तिथली शिस्त पाहून मला समाधान वाटले. तिथे रेंजवर प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे आणि हॉल्स्टरमध्ये किंवा पिशवीत बंद असते. रेंज ऑफिसरच्या आदेशाशिवाय कोणी त्याला हात लावीत नाही. पिस्तूल तपासायचे किंवा हॉल्स्टरमध्ये बसवून पाहायचे असेल तर त्यासाठी आखून दिलेली सुरक्षित जागा असते, आणि त्या जागेत काडतुसाला, अगदी सरावाच्या खोट्या काडतुसालाही, हात लावण्याची मनाई असते. नळी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बंधाऱ्याच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे गेली, पिस्तूल हातातून पडले किंवा गोळी अनवधानाने सुटली, की खेळाडू संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. पडलेले पिस्तूल त्याने स्वतः उचलायचे नसते. ते रेंज ऑफिसर उचलतो. चालताना, मॅगझिन बदलताना आणि अडकलेले काडतूस काढताना बोट ट्रिगरपासून बाहेर आणि स्पष्ट दिसेल असे ठेवावे लागते. डावीकडे पळताना उजव्या हाताने मॅगझिन बटण दाबणाऱ्यांची नळी कशी मागे वळते हे मी तिथे पाहिले, म्हणून कुपवाडकरांनी ही हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत सावकाश घोटावी.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रेंजची पिशवी आणि प्रवासाची पिशवी कधीही एक ठेवू नका. सुट्टीत सांगलीला येताना पिशवीच्या एखाद्या कप्प्यात एक जरी जिवंत काडतूस राहिले आणि ते आपल्या विमानतळावर सापडले, तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मग विसरलो होतो हे सांगत बसावे लागते. जॅकेटचे खिसेही तपासा. रिकाम्या पुंगळ्याही घरी आठवण म्हणून आणू नका.

कुपवाडकर

अजिंक्यतारा आणि सुभेदारसाहेब, आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सुभेदारसाहेबांनी सांगितलेली पिशवीची गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती.

दोन प्रश्न आहेत. आमच्या टूलरूममध्ये सीएनसी यंत्रे आहेत आणि अॅल्युमिनियमचे काम मी स्वतः करतो. मॅगझिनच्या तळाला लावायच्या जड प्लेट्स आणि पाउचचे भाग मी इथेच करून नेले तर चालेल का? दुसरा प्रश्न डोळ्यांचा आहे. पिस्तुलाची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, आता पूर्वीइतकी धारदार दिसत नाही, तर ऑप्टिक्स विभागच घ्यावा का?

मिरजेची नेमबाज

मी मिरजेत मुलामुलींना एअर पिस्तूल आणि .२२ स्पोर्ट पिस्तूल शिकवते. डोळे, कान आणि सराव यांविषयी लिहिते. बाकीचे अजिंक्यतारादादा सांगतीलच.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि हाताच्या अंतरावरील वस्तू धूसर होऊ लागते. पिस्तुलाची पुढची साइट नेमकी त्याच अंतरावर असते. १० मीटरच्या खेळात आपण सावकाश नजर स्थिर करू शकता. इथे मात्र अर्ध्या सेकंदात नजर लक्ष्यावरून साइटवर आणि पुन्हा लक्ष्यावर जाणे अपेक्षित असते. रेड डॉटमध्ये ठिपका लक्ष्याच्याच प्रतलात दिसतो, त्यामुळे नजर लक्ष्यावर ठेवूनच नेम धरता येतो. म्हणून आपल्या वयाच्या खेळाडूने प्रॉडक्शन ऑप्टिक्सचा विचार जरूर करावा. दृष्टिवैषम्य असेल तर ठिपका गोल न दिसता पसरट दिसतो. त्यामुळे आधी नेत्रतपासणी करून घ्यावी. नेमबाजीचा चष्मा पॉलिकार्बोनेट भिंगांचाच आणि बाजूंनी झाकणारा असावा, कारण लोखंडी पॉपरवरून शिशाचे बारीक कण परत उडतात. रोजचा काचेच्या भिंगांचा चष्मा यासाठी कधीही वापरू नये. नंबराची पॉलिकार्बोनेट भिंगे आपल्याकडेही करून मिळतात, ती जाण्याआधी करून घेता येतील.

कानांविषयी तर मी आग्रहानेच सांगते. एअर पिस्तुलाच्या आवाजाची आपल्याला सवय आहे. ९ मिमीच्या पिस्तुलाचा आवाज कानापाशी सुमारे १६० डेसिबलपर्यंत जातो आणि १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाजही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो. कानात फोमचे बोळे आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक इअरमफ अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी, विशेषतः बंद रेंजवर. इलेक्ट्रॉनिक मफ गोळीचा आवाज दाबतात आणि बोलणे ऐकू देतात, त्यामुळे रेंज ऑफिसरचे आदेश चुकत नाहीत. जाण्यापूर्वी मिरजेत ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून तो अहवाल जपून ठेवावा, म्हणजे दरवर्षी त्याच्याशी तुलना करता येईल. खर्चात कुठे काटकसर करायची असेल तर ती इथे करू नये.

सरावाचे म्हणाल तर आपला सर्वांत मोठा बदल पकडीचा आहे. आपण एका हाताने, ५०० ग्रॅमच्या ट्रिगरने खेळता. प्रॉडक्शनमध्ये पहिल्या गोळीचा ट्रिगर किमान २.२७ किलोचा, किंवा प्रत्येक गोळीचा ट्रिगर किमान १.३६ किलोचा असावा लागतो, आणि पिस्तूल दोन्ही हातांनी घट्ट धरायचे असते. बोट जोरात दाबताना बाकीचा हात आवळला जाऊ नये, हे कौशल्य घरी मिळवता येते. हाताच्या आणि मनगटाच्या ताकदीचे व्यायाम आजच सुरू करावेत. नजर एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर आधी न्यायची आणि हात मागून न्यायचे, हा सराव भिंतीवर चार ठिपके काढून रिकाम्या हातांनीही करता येतो. त्याबरोबर पायांचा सराव करा: पाच पावले जलद चालून थांबायचे, आणि थांबल्यावर धड झुलता कामा नये. गुडघे वाकलेले, पाऊल जमिनीवर टेकतानाच हात वर आलेले. शॉट टाइमरची नक्कल करणारी मोबाइल अॅप मिळतात, त्यांच्या बीपवर हे सर्व करता येते. खराखुरा टाइमर मात्र तिथे घ्यावा, कारण तो प्रत्येक गोळीचा आवाज टिपून दोन गोळ्यांमधला वेळ दाखवतो आणि वेळ नेमका कुठे जातो ते त्यावरूनच कळते.

अजिंक्यतारा

ताईंनी उत्तम लिहिले आहे, विशेषतः नजर आधी आणि हात मागून हे सांगितले ते फार मोलाचे आहे.

कुपवाडकर, टूलरूमच्या प्रश्नाचे उत्तर मी अगदी स्पष्ट देतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्रांच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात आणि परवान्याशिवाय त्यांची निर्मिती हा गुन्हा आहे. मॅगझिन, तिची तळाची प्लेट किंवा पिस्तुलाला बसणारा कोणताही भाग कुपवाडमध्ये बनवू नका, त्याचे रेखाचित्र यंत्रावर चढवूही नका. कारखान्याचे नाव त्यात अडकेल ते वेगळेच. पट्ट्यावर बसणारा पाउच हा शस्त्राचा भाग नाही, परंतु तोही मॅगझिन हातात आल्याशिवाय मापात बसणार नाही. आपल्या हातातील कौशल्याचा उपयोग करायचाच असेल तर तिथे गेल्यावर पाउचचे कोन आणि उंची बसवण्यासाठी करा. दुकानातून आणलेले पाउच आपल्या हाताच्या लांबीला जुळत नाहीत आणि बहुतेक जण ते तसेच वापरत राहतात. युरोपीय संघात २० पेक्षा जास्त काडतुसांच्या हँडगन मॅगझिनवर कडक निर्बंध आहेत, हेही ध्यानात ठेवा. १५ च्या मर्यादेत राहणाऱ्या आपल्या विभागाला त्याची अडचण येणार नाही.

काडतुसांचे लिहायचे राहिले होते. शक्तीचा निकष असा मोजतात: गोळीचे ग्रेनमधील (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १,०००. मायनरसाठी हा आकडा किमान १२५ असावा लागतो. १२४ ग्रेनची गोळी १,०५० च्या वेगाने गेली तर १३० येतो. आपल्या .३२ पिस्तुलाची ७१ ग्रेनची गोळी साधारण ९०० च्या वेगाने जाते आणि आकडा ६४ च्या आसपास राहतो. हा खेळ त्या पिस्तुलाने का खेळता येत नाही याचे एक कारण यात आहे. मोठ्या स्पर्धांत क्रोनोग्राफवर वेग मोजला जातो आणि १२५ च्या खाली गेलेल्या खेळाडूला खेळू देतात, पण त्याचे गुण धरत नाहीत. थंडीत बारुदीचा वेग कमी होऊ शकतो, म्हणून १२६ वर समाधान न मानता १३० च्या आसपास राहावे. दुकानातील पुष्कळशी काडतुसे १४० च्याही वर असतात. ती नियमात बसतात, परंतु त्यांचा जादा धक्का आपल्याला एकही गुण मिळवून देत नाही. शिकाऊ माणसाने सुरुवातीला एकाच प्रकारची काडतुसे मोठ्या संख्येने घ्यावीत.

बुटांविषयी सुभेदारसाहेबांना अधिक सांगता येईल, पण तिथल्या रेंजवर ओले गवत आणि खडी दोन्ही असतात, त्यामुळे खोल खाचांचे रबरी तळ असलेले, डोंगरावर पळण्याचे बूट घ्यावेत. धातूचे खिळे असलेले बूट घेऊ नयेत.

कुपवाडकर

टूलरूमचा विचार मी पूर्णपणे सोडून दिला आहे. ऑडिओमेट्रीची वेळ घेतली असून चष्म्याचा नंबरही याच आठवड्यात तपासून घेतो. तिथे पोहोचल्यावर प्रॉडक्शन ऑप्टिक्स खेळणारा क्लब पाहीन आणि त्यानंतरच पिस्तुलाचे ठरवीन. पट्टा मात्र इथूनच घ्यावा असे वाटते. माझ्या पँटचे माप ३४ आहे, तर पट्टाही ३४ चाच मागवू का?

अजिंक्यतारा

नको. पँटवरचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. स्पर्धेत जी पँट घालणार आहात ती घालून, शर्ट आत खोचून, नेहमीचा पट्टा काढून टाका आणि कमरेच्या हाडावरून शिंप्याच्या फितीने माप घ्या. ते माप बहुधा ३४ पेक्षा दोन-तीन इंच जास्त येईल. आतला थर त्या मापाचा घ्या. बाहेरचा थर शक्यतो दुकानात जाऊन, हॉल्स्टर आणि चार पाउच लावून, खाली बसून आणि वाकून पाहूनच घ्या, कारण बसताना पुढचा पाउच मांडीत रुतत असेल तर गुडघ्यावर बसून मारायच्या स्टेजला तो आडवा येतो.

अपशिंगेकर

बूट लेसचे घ्या आणि लेसची टोके आत खोचून ठेवा. नवे बूट थेट स्पर्धेला घालू नका. महिनाभर आधी रोज सकाळी त्यांतूनच चाला.